मांड्या भरून आल्या तेव्हा

अप्पांनी चेंडू डाव्या हातानं उचलला आणि खिडकीतून बाहेर टाकला.

स्पंजचा पिवळा चेंडू होता. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या गवतात जाऊन पडला. रुबिना मुजावर त्याच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. रागावल्या मात्र नाहीत. त्यांनी पिशवीतून तसाच दुसरा, हिरवा चेंडू काढला आणि अप्पांच्या उजव्या हाताशी ठेवला.

"सर, फक्त पाच वेळा. दाबायचा आणि सोडायचा."

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"सर?"

"दमलोय," अप्पा म्हणाले. जीभ जरा जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

सकाळचे साडेदहा वाजले होते. अप्पा सकाळपासून खुर्चीतून हललेसुद्धा नव्हते.

मी आदल्या दिवशीच पुण्याहून आलो होतो, एक महिन्याची रजा टाकून. आईचा फोन आला होता. "तुझे वडील कुणाचं ऐकत नाहीत" एवढंच म्हणाली होती. सात आठवड्यांपूर्वी अप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. सांगलीच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून ते तासगावला घरी आले, तेव्हा काठी टेकत, पाय ओढत चार पावलं टाकत होते. पाय हळूहळू सुधारत होता. हात मात्र मुठीत मिटला होता. अंगठा आत, त्यावर चारही बोटं घट्ट. आई रोज सकाळी ती मूठ कोमट पाण्यात धरून, एकेक बोट उलगडून आतला घाम पुसायची. सोडली की पुन्हा मिटायची.

रुबिना आठवड्यातून चार दिवस व्यायाम करून घ्यायला यायच्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असतील. त्या दिवशी त्या निघाल्या, तेव्हा मी गेटपर्यंत गेलो.

"दादा, स्पष्ट बोलू का?" त्या म्हणाल्या. "पहिल्या तीन महिन्यांत जे येतं, ते नंतर फार मेहनतीनं येतं. त्यातले जवळजवळ दोन गेले. मी नुसता हात धरून हलवला तर तो माझा व्यायाम होतो. त्यांनी स्वतः करायला पाहिजे."

"ते आधीपासून असेच करतात?"

"पहिले दोन दिवस केलं होतं. मग एकदा बोट जरासं हललं, तर मी शाब्बास म्हणाले. तेव्हापासून नाही." त्यांनी गेटची कडी काढली. "माझे अब्बा त्यांच्या तालमीत होते. अब्बा म्हणाले, कोरे सरांना तू शाब्बास म्हणालीस? त्यांची एक शाब्बास मिळवायला आम्हाला वर्ष लागायचं."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. त्या खरं तेच सांगत होत्या. अप्पा म्हणजे जगन्नाथ कोरे. एकतीस वर्षं हायस्कूलात पी.टी.चे सर. शाळेआधी पहाटे आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळी, मैदानामागच्या पत्र्याच्या तालमीत गावातली पोरं घडवायचे. एक पैसा न घेता. गावात चाळिशी ओलांडलेला कुणीही भेटला तरी त्याच्या मांड्यांवर अप्पांचा हात फिरलेला असायचा, म्हणजे छडीसुद्धा. अशा माणसाला आता कुणीतरी एक-दोन-तीन मोजून दाखवत होतं.

घरात आलो. अप्पांनी डोळे उघडले होते.

"गेली?"

"गेल्या. अप्पा, हे काय चाललंय?"

"काय चाललंय?"

"तुम्ही पोरांना काय सांगायचात? दुखलं तरी करायचं, कंटाळा आला तरी करायचं. आणि आता चेंडू फेकता?"

अप्पांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझं पोट शर्टाच्या खालच्या दोन बटणांना ताण देत होतं. अडतीस वर्षांचा होतो. विम्याच्या ऑफिसात पंधरा वर्षं बसून काढली होती.

"तू केलंयस का कधी?" त्यांनी विचारलं. "तुला काय कळतंय, दुखणं म्हणजे काय ते."

ते मला लागलं. आमच्यात या विषयावर कधी बोलणं झालं नव्हतं. व्हावं असं दोघांनाही वाटत नसावं. मी चिडून जे तोंडात आलं ते बोलून गेलो.

"उद्यापासून करतो. तुम्ही सांगाल तेवढं. पण मी जितके दिवस करीन, तितके दिवस तुम्ही त्या मॅडम सांगतील ते करायचं."

"झेपायचं नाही तुला."

"बघू."

"तीन दिवसांत पळशील."

"पळालो तर तुम्ही मोकळे."

स्वयंपाकघराच्या दारात आई गवारीच्या शेंगा मोडत उभी होती. ती एवढंच म्हणाली, "दोघांनीही मला मध्ये घ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बनियन आणि जुनी हाफ पँट घालून पुढच्या सोप्यात उभा राहिलो. अप्पा वेताच्या खुर्चीत, काठी गुडघ्यांत धरून बसले होते. आईनं त्यांची दाढी केली होती. आजारानंतर सकाळी सहाला त्यांची दाढी झालेली आज पहिल्यांदाच, असं तिनं मला नंतर सांगितलं.

"पाय खांद्याएवढे लांब," अप्पा म्हणाले. "टाचा उचलल्या तरी चालतील. पाठ सरळ. बस."

मी बसलो, उठलो.

"ही बैठक नव्हे. हे संडासला बसणं झालं. पुन्हा."

चाळीस बैठका झाल्या. ते मोजत होते. पहिल्या दहापर्यंत त्यांची जीभ अडखळत होती, विसाच्या पुढं त्यांच्या आवाजाला जुनी लय सापडली. "एकवीस. खाली बघू नको. बावीस. श्वास धरू नको. तेवीस." मग पंधरा दंड. अकराव्याला माझे दंड थरथरायला लागले आणि बाराव्याला मी छातीवर पडलो.

"ऊठ. तीन राहिलेत."

"अप्पा, होत नाही."

"होत नाही काय. हात टेक."

तीन झाले, कसेबसे. मला वाटलं होतं त्याहून बरं वाटत होतं. आंघोळ करून तीन भाकऱ्या खाल्ल्या. रुबिना आल्या तेव्हा अप्पांनी शब्द पाळला. चेंडू दाबायचा प्रयत्न केला. डोळे छताकडे लावून, माझ्यावर उपकार करतोय अशा थाटात. मूठ तसूभरही उघडली नाही. त्या काही बोलल्या नाहीत. शाब्बास तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी अंग जरा आखडलं होतं. अप्पांनी साठ बैठका काढायला लावल्या आणि वीस दंड. "पहिल्या दिवशी सगळेच मर्द असतात," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत मांड्या दगडासारख्या झाल्या. चहाचा कप उचलताना काखेजवळ काहीतरी ताणल्यासारखं व्हायचं. शिंक आली तर पोट दुखलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली आणि मला कुशीवर वळता येईना.

मी माडीवरच्या खोलीत झोपत होतो. पलंगाची कड धरून, आधी एक पाय, मग दुसरा, असं करत उभा राहिलो. शर्टाच्या बाहीत हात घालायला खांदा वर जाईना. सगळ्यात भयंकर प्रकार जिन्यावर झाला. पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि गुडघा वाकताच मांडीत अशी कळ आली, की मी कठड्याला मिठी मारली. वर चढणं जमलं असतं, उतरणं शक्य नव्हतं. शेवटी पायरीवर बसलो आणि बसल्या बसल्याच एकेक पायरी सरकत खाली येऊ लागलो.

खाली आई पिशवी घेऊन बाजाराला निघाली होती. ती थांबली. मी सरकत शेवटच्या पायरीपर्यंत येईस्तोवर तिनं शांतपणे पाहिलं.

"तू लहान असताना असाच उतरायचास," ती म्हणाली. "तेव्हा दीड वर्षांचा होतास." तिनं चप्पल घातली. "चहा झाकून ठेवलाय. त्यांचा पिऊन झालाय."

मी भिंत धरून सोप्यात आलो. अप्पा खुर्चीत तयार होऊन बसले होते.

"आज शंभर," ते म्हणाले.

"अप्पा, आज नाही जमणार. खरंच नाही. मांड्या भरून आल्यात."

मला वाटलं, ते हसतील. मी बोललो होतो ना, म्हणतील. ते तसं काही म्हणाले नाहीत. काठीची मूठ चाचपत राहिले आणि मग सावकाश म्हणाले, "बरं. मग त्या पोरीला फोन करून सांग, आज येऊ नको म्हणावं. उद्याही नको."

त्यांच्या आवाजात जिंकल्याची काही खूण नव्हती. सुटल्यासारखे दिसत होते, आणि त्याचीच मला भीती वाटली. आता हा माणूस या खुर्चीतच राहणार, मूठ अशीच मिटलेली राहणार, आई रोज एकेक बोट उघडून पुसणार. मी ठरवलं नव्हतं, पण सोप्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

"मोजा," मी म्हणालो.

"राहू दे."

"मोजा तुम्ही."

"एक," ते म्हणाले.

एक झाली. दुसरीला डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिसरीला खाली गेलो आणि मांड्यांनी हात वर केले. मी तसाच मागं फरशीवर बसलो. डाव्या पिंढरीत पेटका आला. पाय आपोआप ताठ झाला आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी मोठा झाल्यापासून कधी काढला नव्हता.

"अंगठा ओढ," अप्पा म्हणाले. "पायाचा अंगठा धरून आपल्याकडं ओढ."

मला पुढं वाकता येत नव्हतं. पोटाचे स्नायू संपावर गेले होते. मी फरशीवर आडवा होऊन कण्हत राहिलो.

तेवढ्यात काठीचा आवाज झाला. मान वळवून पाहिलं, तर अप्पा उभे होते. आजवर त्यांना खुर्चीतून उठताना आईचा नाहीतर माझा हात लागायचा. ते उभे राहिले, एक क्षण डोलले, आणि पाय ओढत माझ्याकडं यायच्या ऐवजी स्वयंपाकघराकडं निघाले.

"अप्पा, बसा तुम्ही. पडाल."

ते तसेच आत गेले. आतून डबे सरकल्याचे आवाज आले. एक झाकण खाली पडून गोल फिरत राहिलं. मी उठायची धडपड करत होतो आणि दर वेळी मांड्या मला खाली बसवत होत्या. बऱ्याच वेळानं ते परत आले. तिळाच्या तेलाची बाटली उजव्या काखेत दाबलेली, काठी डाव्या हातात. आईचं बसायचं बुटकं स्टूल त्यांनी काठीनं ढकलत माझ्याजवळ आणलं आणि त्यावर जपून बसले.

"बूच काढ."

मी काढलं. त्यांनी डाव्या हातावर तेल घेतलं, माझा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि पिंढरी धरली. पेटका कुठं आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. अंगठा नेमका त्या गाठीवर बसला.

"आई गं."

"श्वास सोड. धरू नको."

गाठ हळूहळू सैल पडली. मग ते मांडीकडं वळले. मांडी मोठी, एका हाताच्या आवाक्यात येईना. डाव्या हातानं एका बाजूनं दाबलं की मांस दुसऱ्या बाजूला सरकायचं. दोन-तीनदा तसं झाल्यावर त्यांनी उजवी मूठ उचलली आणि माझ्या मांडीच्या दुसऱ्या बाजूला टेकवली, नुसता आधार म्हणून. मग त्या मुठीनंच रेटायला लागले. खांद्यातून जोर यायचा, मूठ मांडीवरून गुडघ्याकडं घसरत जायची, पुन्हा वर यायची.

मी छताकडं बघत पडलो होतो. दुखत होतं आणि बरंही वाटत होतं.

"असाच झाला होतास तू," अप्पा म्हणाले. "अकरा वर्षांचा असताना."

मला नेमकं ठाऊक होतं ते कशाबद्दल बोलतायत. दिवाळीच्या सुट्टीत मी हट्टानं त्यांच्या तालमीत गेलो होतो. तीन दिवस गेलो. चौथ्या दिवशी सगळी पोरं रांगेत उभी असताना अप्पा म्हणाले होते, "मल्लू, उद्यापासून तू येऊ नकोस. हे तुझं काम नाही." रांगेत कुणीतरी हसलं होतं. मी घरी आलो आणि त्यानंतर त्या पत्र्याच्या दारातून कधीच आत गेलो नाही. पुस्तकं वाचली, कॅरम खेळलो, पुण्याला गेलो, नोकरी लागली. नाव मल्लिकार्जुन आणि बापाची तालीम, तरी अंगात काही नाही, असं लोक चेष्टेत म्हणायचे. मीही हसायचो.

"तिसऱ्या दिवशी तुला चालता येईना," अप्पा सांगत होते. "भिंत धरून चालत होतास. आईला सांगू नका म्हणालास. मग झोपेत कण्हायला लागलास. मी उठून तुझे पाय चेपत बसलो. एवढेसे पाय होते."

"मला आठवत नाही."

"तुला कसं आठवेल. झोपला होतास." त्यांनी पुन्हा तेल घेतलं. दोन्ही हातांना एकमेकांवर चोळून लावलं. "लोकांच्या पोरांना मी म्हणायचो, दुखलं तर दुखू दे, अंग तयार होतंय. रडली तर अजून दहा बैठका द्यायचो. तुला म्हणता येईना. तुझा पाय हातात धरला, की मला दुसऱ्या दिवशी तुला उभं करवेना."

"म्हणून घालवलंत?"

"घालवलं."

"सगळ्यांसमोर."

"एकट्यात सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. परत आला असतास."

हे खरं होतं. आलो असतो.

"अप्पा," मी म्हणालो, आणि मला ते वाक्य बोलायला फार वेळ लागला. "मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते."

त्यांचे हात थांबले.

"तुझी कशाला," ते म्हणाले. "माझी मला वाटत होती. दुसऱ्यांची पोरं रगडायची आणि आपल्या पोराचं कण्हणं ऐकवत नाही. ते कुणाला सांगणार?"

त्यांचे हात पुन्हा चालू झाले आणि मी मान उचलून पाहिलं.

उजवी मूठ मूठ राहिली नव्हती. अंगठा बाहेर आला होता. तळवा माझ्या मांडीवर सपाट टेकला होता आणि चार बोटं, वाकडी, एकमेकांना चिकटलेली, पण उघडी, तेलावरून मागून फरफटत येत होती. वर जाताना तळवा दाबत होता आणि खाली येताना बोटं जराशी पसरत होती. अप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते माझ्या गुडघ्याकडं बघत होते. मी मान परत टेकवली आणि श्वाससुद्धा बेतानं घेऊ लागलो. बोललो तर थांबेल, असं वाटलं.

दारात सावली पडली. रुबिना आल्या होत्या. त्यांना फोन करायचा राहूनच गेला होता. त्यांनी आत पाऊल टाकलं, आम्हाला पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या. त्यांची नजर अप्पांच्या हातावर गेली. मी त्यांच्याकडं बघून डोळ्यांनीच नको म्हणालो. त्यांनी सँडल काढले, पिशवी आवाज न करता भिंतीला टेकवली आणि फरशीवर मांडी घालून बसल्या.

अप्पांना त्या आल्याचं कळलं असावं. ते वळून बघत नव्हते. मांडी झाली, गुडघा झाला, पुन्हा पिंढरी झाली. मग त्यांनी माझा पाय खाली ठेवला.

"दुसरा पाय राहिला, सर," रुबिना हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे मला," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पाय ओढून घेतला.

आई बाजारातून आली तेव्हा आम्ही तिघं तसेच सोप्यात होतो. तिनं आधी सांडलेलं तेल पाहिलं, मग अप्पांचा हात. पिशवी खाली न ठेवताच ती तिथं उभी राहिली. मग आत गेली आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा नेहमीपेक्षा जास्त आवाज येऊ लागला.

त्या दिवसापासून रुबिनांनी चेंडू आणायचं बंद केलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं: सकाळी वीस मिनिटं मुलाचा उजवा पाय, संध्याकाळी वीस मिनिटं डावा. पुढं पुढं त्यात भर पडली. दोन बोटांत स्नायू धरून उचलायचा, अंगठ्यानं गोल फिरवायचं, तळव्यानं थोपटायचं. अप्पांना तो व्यायाम वाटतच नव्हता. त्यांच्या हिशेबी ते मला तयार करत होते. रोज सकाळी शंभर बैठका, तीस दंड आणि मग मालीश. त्या एखादी चूक दाखवायच्या तेव्हा अप्पा म्हणायचे, "असं नव्हे पोरी, असं. पिंढरीला खालून वर जायचं." त्या म्हणायच्या, "मग बोटं पसरून दाखवा सर." आणि ते पसरून दाखवायचे.

अडचण एकच झाली. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर माझं दुखणं थांबलं.

अंग सरावलं होतं. सकाळी उठायचो ते हलकं वाटायचं. शर्टाची बटणं सहज लागत होती. जिना धडाधड उतरता येत होता. त्या दिवशी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो, खाली सोप्यात अप्पा तेलाची बाटली घेऊन वाट बघत बसले होते, आणि मी कठडा धरला. एकेक पायरी, ओठ चावत, कण्हत उतरलो.

"अजून दुखतंय?" अप्पांनी विचारलं.

"फार," मी म्हणालो.

आईनं मला नळापाशी गाठलं. "काल पाण्याची बादली घेऊन दोन दोन पायऱ्या चढलास वर."

"तू बघितलंस?"

"मी काही बघितलं नाही," ती म्हणाली आणि कपडे पिळायला लागली.

उरलेले अठरा दिवस मी रोज कण्हत होतो. त्या अठरा दिवसांत अप्पांची तर्जनी सुटी झाली, मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटायला लागली. एका सकाळी त्यांनी बाटलीचं बूच स्वतः काढलं, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही. बोललं की ते चिडायचे.

रजा संपली. अप्पा मला सोडायला स्टँडवर आले, रिक्षातून, काठी घेऊन. मी नको म्हणालो होतो. पुण्याची गाडी लागलेली होती. मी बॅग वर टाकून खिडकीत बसलो आणि ते खाली, खिडकीशी उभे राहिले.

"पाय कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"अजून जरा..."

"दुसऱ्या आठवड्यातच थांबले होते तुझे पाय," अप्पा म्हणाले. "भरलेली मांडी आणि मोकळी मांडी यांतला फरक कळत नसता, तर एकतीस वर्षं काय केलं मी?"

मी खिडकीबाहेर वाकलो.

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललास?"

कंडक्टरनं घंटा दिली. गाडी जरा पुढं सरकली आणि अप्पा तिच्याबरोबर दोन पावलं चालले. उजवा हात त्यांनी खिडकीच्या गजावर ठेवला होता. बोटं गजाभोवती वळली होती.

"पुढच्या महिन्यात ये," ते म्हणाले. "येण्याआधी बैठका घाल. खोटं दुखणं चोळण्यात मजा नाही."

तो हात पूर्ण कधीच परत आला नाही. पण ते जेवण त्या हातानं करू लागले, पायजम्याची नाडी बांधू लागले, आणि बँकेत सहीऐवजी अंगठा लावायची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्यानंतर ते सहा वर्षं जगले. आईच्या आणि रुबिनांच्या मते ती सहा वर्षं त्यांनी सगळ्यांना शिस्त लावण्यात घालवली.

मी दर महिन्याला जायचो. एरवी महिनाभर माझ्याकडून काही व्हायचं नाही, ऑफिस आणि घर यांतच दिवस जायचे. पण निघायच्या दोन दिवस आधी मी पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कपाटाला धरून शंभर बैठका काढायचो. बायकोनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. पुढं तीच मोजू लागली. तासगावच्या स्टँडवर गाडीतून उतरताना माझे पाय खरोखर थरथरत असायचे, आणि घरापर्यंतचं अंतर मी भिंती धरून चालत जायचो.